चादरीचं नाव आपलं आणि धंदा दुसऱ्याचा, टॉवेल आपला आणि नाव दुसऱ्याचं

साखरपेठी | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

दिवाळीची गर्दी ओसरली, आता निवांत बोलता येईल.

सोलापुरात चादर आणि टॉवेल एकाच भागात होतात. भवानी पेठ, दत्त नगर, अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी. कित्येकदा एकाच शेडमध्ये एका ओळीला चादरीचे माग आणि पलीकडच्या ओळीला टॉवेलचे. सूत देणारा व्यापारी तोच, रंगवणारा तोच, कामगारही तेच. बाजारात गेल्यावर मात्र दोन्ही मालांची गत अगदी उलटी होते.

चादरीला नाव आहे. नागपूरला जा, हैदराबादला जा, ‘सोलापुरी’ म्हटलं की समोरच्याला कळतं. जीआय (माल कुठल्या गावचा ते सांगणारं) मानांकन मिळून जवळजवळ वीस वर्षं झाली, देशातल्या अगदी पहिल्या काही नोंदींमध्ये आपली चादर आणि आपला टेरी टॉवेल आहे. एवढं असून यात्रेत, हायवेच्या कडेला, टेम्पोत ढीग लावून ‘सोलापुरी चादर’ म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं पानिपतहून आलेलं असतं. पॉलिस्टरचं, नाहीतर जुने कपडे पिंजून पुन्हा कातलेल्या सुताचं. हाताला गुबगुबीत, रंगाला भडक आणि किमतीला आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

टॉवेलला नाव नाही. तो अमेरिकेला, युरोपला, आखातात जातो. बायरला एवढंच हवं असतं: किती जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन), किती बाय किती, रंग धुऊन उतरतो का, कंटेनर कधी लागणार. लेबल त्यांचं, बारकोड त्यांचा, खोक्यावरची छपाईसुद्धा त्यांनी पाठवलेली. ज्या घरात तो टॉवेल वापरला जातो तिथे सोलापूर हा शब्द कोणाच्या कानावरही पडलेला नसतो.

म्हणजे देशात आपल्या नावावर दुसरे कमावतात आणि परदेशात आपल्या मालावर दुसऱ्याचं नाव लागतं. मी स्वतः कारखानदार नाही. वडिलांचे माग होते, ते विकले. मी दोन-तीन कारखान्यांचे एक्स्पोर्टचे कागद बघतो. माझं मत असं की दोन्हीकडे आपण किमतीवर लढतोय आणि दोन्हीकडे किमतीवर लढायची आपली ताकद नाही. मग कशावर लढायचं? धंद्यातल्या लोकांनी लिहावं. ‘पूर्वी काय वैभव होतं’ छापाचे प्रतिसाद कमी आले तर उपकार होतील.

रंगावली | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२५

माहेर सोलापूर, सासर पुणे. ग्राहक म्हणून लिहिते, राग मानू नका.

आईने लग्नात दिलेल्या चादरी माझ्याकडे अजून आहेत. मोरपिसाचं डिझाइन आहे तसं आहे, काठही उसवलेले नाहीत. आता सांगा, मी नवी चादर कशाला घेऊ? तुमचा माल इतका टिकतो की गिऱ्हाईक पुन्हा दुकानात यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. पानिपतचं ब्लँकेट तीन हिवाळ्यांत गोळे येऊन पायपुसणं होतं, की माणूस परत घ्यायला जातो.

दुसरं, आमच्या सोसायटीत नव्या जोडप्यांच्या घरी चादर पांघरतच नाहीत, ड्युव्हे (खोळ घातलेली जाड रजई) असतो. सोलापुरी चादर वॉशिंग मशीनमध्ये भिजली की इतकी जड होते की मशीन स्पिनला थडथडायला लागतं. आहेरात चादर द्यायची पद्धतही गेली, आता पाकीट देतात. पानिपत नसतं तरी चादरीचा खप कमी झालाच असता असं मला वाटतं.

धोटा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ताई, लै बरोबर बोललाव. आमच्याच चादरीने आमचं गिऱ्हाईक मारलं म्हणा की.

मी मागवाला. वीसेक माग आहेत, निम्मे बंद. हिशेब सरळ सांगतो. चादरीत सगळ्यात मोठा खर्च सुताचा. त्याच्यानंतर रंगाई, मजुरी, वीज, मग बँकेचं व्याज. यातलं सूत माझ्या हातात नाय. कापूस मराठवाड्यात पिकतो, विदर्भात पिकतो, पण आमच्याकडे येणारं बरंच सूत तमिळनाडूतल्या गिरण्यांचं. कापूस खाली जातो आणि सूत होऊन वर येतो, दोन्ही वेळचं भाडं आमच्या चादरीवर. २०२२ च्या मे महिन्यात कापसाची खंडी (साडेतीनशेच्या वर किलो) लाख रुपयांच्या वर गेली होती. सुताचे भाव रोज सकाळी वेगळे. ऑर्डर जुन्या भावाने घेतलेली, सूत नव्या भावाने घ्यायचं. त्या उन्हाळ्यात कितीकांनी माग झाकून ठेवले ते मी बघितलंय.

पानिपतवाल्याचं पॉलिस्टर कापसाच्या पावसापाण्यावर नाय चालत. म्हणून तो वर्षभर एक भाव सांगू शकतो, मी पंधरा दिवस पण नाय सांगू शकत. दुकानदाराला स्वस्त माल पाहिजे हे अर्धं खरं आहे. त्याला ठरलेला भाव पाहिजे, आणि उधारी पाहिजे. तिकडचा व्यापारी नव्वद दिवस थांबतो, मला सूतवाला पंधरा दिवस पण थांबत नाय.

इचलकरंजी_एक्सप्रेस | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

आमच्याकडे साधे माग भंगारात जाऊन बिनधोट्याचे वेगवान रेपियर, एअरजेट माग आले. साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे पिक (आडवे धागे) टाकतो, एअरजेट सहाशेच्या वर. सोलापूरकरांनी तेव्हा मशिनरी बदलली नाही, आता पानिपतच्या नावाने खडे फोडतात. स्पष्ट बोलल्याबद्दल माफी.

धोटा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

एअरजेट घेतला की दिवसाला किती कापड पडतं, आणि ते विकायचं कुठं, ते पण सांगा की साहेब. तुमच्याकडे ग्रे (न रंगवलेलं) कापड आहे, मैलोन् मैल एकच. माझ्याकडे एका बीमवर (उभ्या धाग्यांच्या रुळावर) चार डिझाइन. आजची ऑर्डर चारशे नगाची, उद्याची दीडशेची.

मास्तर_निवृत्त | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

वाणिज्य शाखेत अनेक वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल. साखरपेठींनी वैभवाचा विषय टाळायला सांगितलाय, पण १८७७ सालची तारीख लागेलच. त्या वर्षी मोरारजी गोकुळदासांनी इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल काढली. तीच आपली ‘जुनी मिल’. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी आल्या. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आधीपासून घरात हातमाग चालवत होते. गिरण्यांमुळे सूत दाराशी मिळू लागलं, माग दुरुस्त करणारे फिटर तयार झाले, रंगारी जमले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा हे सगळे लोक गावातच राहिले आणि यंत्रमागाचा धंदा त्यांच्यावर उभा राहिला. फक्त सूत दाराशी मिळायचं थांबलं. धोटा म्हणतात ते दुखणं तिथून सुरू झालं.

आता परदेशी बाजाराचं. १९७४ पासून २००४ च्या अखेरीपर्यंत जगातला कापड व्यापार कोट्यावर चालायचा. अमेरिका आणि युरोप प्रत्येक देशाला सांगत, तुमचे एवढेच टॉवेल आम्ही घेऊ. आपल्याला तेव्हा तो जाच वाटायचा. पण त्या जाचाची एक गंमत होती: चीनवरही तोच कोटा होता. चीन कितीही स्वस्त विकू म्हणाला तरी ठरल्यापेक्षा जास्त विकू शकत नव्हता. उरलेली जागा आपसूक इतरांच्या वाट्याला यायची, त्यात सोलापूरही. १ जानेवारी २००५ ला कोटा उठला आणि ज्याचा भाव, गुणवत्ता आणि वेळ चांगली त्याला हवा तेवढा बाजार मोकळा झाला.

या दिवसाची तयारी म्हणून सरकारने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली होती. नव्या यंत्रांच्या कर्जावर पाच टक्के व्याज सरकार भरणार. तिचा मोठा फायदा कोणाला झाला? ज्यांच्याकडे तारणाला जमीन, ऑडिट केलेले ताळेबंद आणि प्रकल्प अहवाल लिहून देणारे सल्लागार होते त्यांना. गुजरातेत अंजारला वेलस्पन, मध्य प्रदेशात बुधनीला ट्रायडंट, कापसापासून पॅकिंगपर्यंत सगळं एका आवारात. आपल्याकडचा वीस मागांचा मालक भाड्याच्या शेडमध्ये, कागद अर्धे काकांच्या नावावर. इचलकरंजीकर, तुमचा टोमणा अगदीच चुकीचा नाही. पण मशिनरी बदलायची इच्छा आणि बँकेच्या दारात उभं राहायची पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक, ज्याची चर्चा गावात फार होत नाही. टॉवेलमध्ये आपला थेट प्रतिस्पर्धी पाकिस्तान आहे, कराची, फैसलाबाद. २०१४ च्या जानेवारीपासून युरोपने त्यांना जीएसपी प्लस नावाची आयात शुल्कातली सवलत दिली, त्यांचा टॉवेल तिकडे शून्य शुल्काने उतरतो. बांगलादेशलाही अतिमागास देश म्हणून शून्य. आपल्यावर तेव्हा नऊ-दहा टक्के. ज्या धंद्यात नफाच मुळी पाच-सहा टक्क्यांचा, तिथे समोरच्याला दहा टक्क्यांची सूट मिळाली तर आपण कितीही कसून विणलं तरी काय होणार? त्यामुळे एखादा उद्योग स्पर्धेत हरला म्हणजे तो अकार्यक्षमच होता, हे पाठ्यपुस्तकातलं गृहीतक मला पटत नाही. वर्गात शिकवावं लागायचं तेव्हाही पटत नव्हतं.

खमंग_शेंगाचटणी | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पुढाऱ्यांनी गाव खाल्लं. विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली, आता गोव्याला विमान जातंय, त्यात चादरी भरून पाठवा.

साखरपेठी | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५५

@खमंग: चिमणीसाठी वेगळा धागा आहे, तिथे मनसोक्त भांडा.

@मास्तर: सर, युरोपचं तुम्ही सांगितलं, मी अमेरिकेचं ताजं सांगतो. २०२५ च्या ऑगस्टच्या ७ तारखेला भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लागलं, २७ तारखेला आणखी २५. एकूण ५०. त्याच वेळी पाकिस्तानवर १९, बांगलादेश आणि व्हिएतनामवर २०, तुर्कस्तानवर १५. ज्या कारखान्याचे कागद मी बघतो, त्याचा माल तेव्हा तयार होऊन गोडाउनमध्ये पडला होता. बायरचा मेल आला. शब्द गोड होते, मतलब एवढाच की शुल्काचा अर्धा भार तुम्ही उचला, नाहीतर शिपमेंट ‘होल्ड’ करा. मालकाने विचार केला: टॉवेलवर त्यांच्या कंपनीचं नाव विणलेलं, बॉर्डरचा रंग त्यांच्या पसंतीचा, तो दुसऱ्या कोणाला विकायचा तरी कसा? मंगळवारच्या बाजारात? भाव कमी करून पाठवला.

‘नाव दुसऱ्याचं’ म्हणतो ते हेच. शुल्क कायद्याने तिकडचा आयातदार भरतो, पण ज्याची अडचण मोठी त्याच्या खिशातून पैसे जातात. ग्राहक ज्याला नावाने ओळखतो तो भाव वाढवू शकतो. आपल्याला कोणी ओळखतच नाही.

सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत माफ केलं. तेवढाच सुताला आधार. मराठवाड्यातला शेतकरी त्यावरून चिडलाय, आणि त्याचंही खोटं नाही.

ढलाई | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

कापडवाल्यांच्या धाग्यात घुसतोय. मी चिंचोळी एमआयडीसीत, लोखंडाच्या कामात.

नाव नसणं हे संकटच असतं असं नाही. सोलापुरातली प्रिसिजन १९९२ पासून कॅमशाफ्ट बनवते. इंजिनातल्या झडपा उघडणारा-मिटणारा दांडा. जगभरच्या गाड्यांत तो बसतो, बॉनेट उघडूनही दिसत नाही, गाडीवाल्याला त्याचं नाव ठाऊक असायचं कारणच नाही. तरीही कार कंपनी त्यांना ‘उद्यापासून पाच टक्के कमी करा नाहीतर दुसरा बघतो’ असं एका मेलवर सांगू शकत नाही. कारण इंजिनाचा आराखडा होतानाच पार्ट ठरतो. सॅम्पल, मापं, इंजिनावर हजारो तासांची चाचणी, कारखान्याची तपासणी, यात दोन-तीन वर्षं जातात. एकदा पास झालात की ते इंजिन बाजारात असेपर्यंत तुम्ही आत. पुरवठादार बदलायचा तर त्यांना सगळी वरात पुन्हा काढावी लागते.

तुमच्या टॉवेलमध्ये अडचण ही आहे की बायरला सोलापूर सोडून कराचीला जायला काहीच खर्च येत नाही. जीएसएम सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुसरं कोटेशन हजर. स्पर्धा भावावर जाते ती त्यामुळे. ज्याला सोडून जाणं महाग पडेल असं काहीतरी तुमच्या मालात असलं पाहिजे.

आणि आमचंही सगळं छान चाललंय असं समजू नका. विजेच्या गाडीत कॅमशाफ्ट नसतोच. तुमचा प्रतिस्पर्धी निदान टॉवेल तरी बनवतो.

रंगावली | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

ढलाई यांचा प्रतिसाद आवडला. शेवटच्या ओळीवर हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

गणवेशवाला | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:००

सोडून जाणं महाग पडेल असा एक धंदा आपल्या गावात झालाय, पण कापडाच्या माणसांना तो धंदा वाटतच नाही. शाळेचे गणवेश. २०१७ पासून इथे गणवेशाचं प्रदर्शन भरवायला लागलो, बाहेरचे व्यापारी स्वतःहून येतात.

यात गंमत काय ते बघा. एका शाळेची ऑर्डर सहाशे-सातशे नगांची. त्यात मुलांचे, मुलींचे, हाफ, फुल, पिनोफ्रॉक, पीटीचे वेगळे. बावीसच्या छातीपासून चाळीसपर्यंत साइज. चौकटीचं कापड त्या शाळेचंच, दुसऱ्या शाळेला चालणार नाही. सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचलं पाहिजे आणि जुलैत पुन्हा चाळीस नग द्यायचे, कारण नव्या ॲडमिशन झाल्या. चीनला किंवा ढाक्याला असली कटकट परवडत नाही. त्यांना पन्नास हजार नग एका रंगात पाहिजेत. मोठा कारखानाही या भानगडीत पडत नाही. आणि शाळा एकदा लागली की मुख्याध्यापक बदलेपर्यंत सुटत नाही.

धोटा म्हणतात ना, एका बीमवर चार डिझाइन? ते रडगाणं म्हणून सांगतात. माझ्या मते तीच विकायची गोष्ट आहे. छोट्या लॉटला कोणी विचारत नाही अशी गिऱ्हाइकं शोधायची: हॉटेलं, हॉस्पिटलं, मठ, देवस्थानं, कॉलेजचे जिमखाने. आमच्या नावाचे दोनशे टॉवेल विणून द्या म्हटलं तर अंजारवाले फोनसुद्धा उचलणार नाहीत.

धोटा | ५ नोव्हेंबर, रात्री ८:१५

उचलत नाहीत हे खरंय. पण दोनशे नगाला बॉर्डर नवीन, म्हणजे जकार्डची (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राची) भोकांची कार्डं नवीन पंच करायची, रंग तीन किलो मिळत नाय म्हणून पंचवीस किलो रंगवायचं, उरलेलं सूत कपाटात. भाव सांगितला की हॉटेलवाला म्हणतो, ऑनलाइन स्वस्त आहे. शाळेला दुसरीकडं जायला जागा नाय, हॉटेलला आहे.

तरी पण दोन मठांचं काम केलंय मी. पैसे रोख दिले आणि पुढच्या वर्षी स्वतः फोन केला. ते खरंय.

घरकुलची_लेक | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळे सूत, शुल्क, कोटा, जीएसएम बोलताय. माझे वडील मागावर होते, आई विड्या वळायची. कुंभारीच्या विडी घरकुलात वाढले, आता बँकेत आहे.

सोलापूरची मजुरी इतकी वर्षं स्वस्त कशी पडली ते मी सांगते. आमच्या भागात घराघरात हेच: पुरुष मागावर, बाई विडीवर. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, रात्री पानं भिजवायची, सकाळी कात्रीने कापायची, दुपारपर्यंत सुपात वळत बसायचं. हजार विड्यांवर मजुरी, त्यातही तपासणारा ‘छाट’ (नापास विड्या) काढणार. वडिलांचा पगार नुसता पुरला असता असा एकही महिना मला आठवत नाही. मंदीत माग बंद राहिला तर घर आईच्या हजारीवर चालायचं. म्हणजे टॉवेलचा भाव जो कराचीच्या तोडीस तोड बसायचा, त्यातला काही वाटा आईच्या बोटांनी भरलेला होता. मालकाच्या हिशेबात तो कधी दिसला नाही.

आता विडी कमी होत चाललीय, आणि आमच्या पिढीतल्या मुली वळत नाहीत. मागावर बसणाऱ्या मुलाला मुलगी कोणी देत नाही, मग तो पुण्याला सिक्युरिटीत जातो नाहीतर डिलिव्हरीला. साखरपेठीदादा, किमतीवर लढायची आपली ताकद नाही असं तुम्ही म्हणता. होती, ती आमच्या घरातून यायची. ती परत येऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

मास्तर_निवृत्त | ५ नोव्हेंबर, रात्री १०:५०

ताई, हे मला माहीत असायला हवं होतं त्यापेक्षा तुम्ही फार नेमकं लिहिलंत. उद्योगाच्या खर्चाच्या तक्त्यात ‘कुटुंबातील इतर उत्पन्न’ असा रकाना मी कधी पाहिला नाही.

इचलकरंजी_एक्सप्रेस | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

+१. आमच्याकडे परराज्यातले कामगार आले म्हणून चाललंय, नाहीतर आमचीही तीच अवस्था.

वकिली_बाणा | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

जीआयबद्दल बरेच गैरसमज आहेत, म्हणून मुद्द्याचं तेवढं लिहितो.

कायदा १९९९ चा, अंमलात आला १५ सप्टेंबर २००३ ला. नोंदणी चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत होते, दर दहा वर्षांनी नूतनीकरण. नोंदणी संस्थेच्या नावे असते. प्रत्यक्ष विणणाऱ्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपलं नाव स्वतंत्र नोंदवायचं असतं. २०२० मध्ये त्याची फी ५०० वरून १० रुपये केली. दहा रुपये! तरी ‘आपल्याला जीआय मिळालंय’ म्हणणाऱ्या मागवाल्याला विचारा, तुमचा नोंदणी क्रमांक काय. बहुतेक जण तोंडाकडे बघतात.

नक्कल करणाऱ्याला शिक्षा बरी आहे: कलम ३९ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. मात्र धाड टाकायची तर अधिकारी किमान डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाचा लागतो, आणि त्याने आधी रजिस्ट्रारचं मत घ्यायचं. आता हायवेवरच्या टेम्पोवाल्यासाठी डीवायएसपी चेन्नईला पत्र लिहून उत्तराची वाट बघतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. तोवर टेम्पो कर्नाटकात.

दार्जिलिंग चहाचं नाव टिकलं कारण मागे टी बोर्ड आहे. जगभर कोण ते नाव वापरतंय यावर नजर ठेवायला ते पैसे खर्च करतात. आपल्या नोंदणीमागे तसा पैसा आणि तसा माणूस नाही. शिवाय जीआयचं संरक्षण आपल्या देशापुरतं, परदेशात तिथल्या कायद्याने वेगळी नोंद लागते. कोल्हापुरी चपलेला जीआय असूनही २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, तेव्हा ओरड झाल्यावर त्यांनी मूळ कबूल केलं ते लाजेखातर. कायद्याने त्यांच्यावर तशी सक्ती नव्हती.

माझा सल्ला: पानिपतच्या मागे लागू नका. त्यांनी पॉलिस्टर विकावं, त्यांच्या नावाने विकावं. आपण खरा माल ओळखता येईल एवढीच सोय करावी. गिऱ्हाइकाला आज दोन चादरी समोर ठेवल्या तर फरक कळत नाही, लेबल तर कोणीही छापतो.

साखरपेठी | ६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

वकीलसाहेब, हे कामाचं बोललात. लेबल छापता येतं, शिवता येतं. चादरीच्या अंगातच विणलेलं काही असेल तर? काही कारखाने कोपऱ्यात नाव विणतातच. त्याच जागी ‘सोलापूर’ आणि अधिकृत वापरकर्त्याचा क्रमांक विणला, तर ज्याने नक्कल केली त्याने दुसऱ्याचा क्रमांक चोरला असं सरळ सिद्ध होईल. क्रमांक कोणाचा ते गिऱ्हाइकाला फोनवर बघता येईल अशी साधी यादी पाहिजे. टॉवेललाही हेच करता येईल, निदान आखातात आणि देशात जाणाऱ्या मालाला, जिथे बायर लेबलचा हट्ट धरत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटनबरोबर करार झालाय, त्याने तिकडे शुल्क शून्य झालं की छोटे आयातदार विचारायला लागतील. त्यांना आधीच नाव दाखवता आलं तर बरं.

धोटा, तुम्ही सांगा. मागावर हे बसतं का?

धोटा | ६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

बसतं की. बॉर्डरची कार्डं वेगळी असतात आणि मधल्या डिझाइनची वेगळी. आकडे बॉर्डरमध्येच घ्यायचे. अक्षर वाचता यायला पाहिजे म्हणजे बोटभर उंची तरी लागेल, जितके पिक तितकी कार्डं. एकदा पंच केली की वर्षानुवर्षं चालतात. कार्ड फाटलं तर तेवढं बदलायचं. इलेक्ट्रॉनिक जकार्डवाल्याला तर फाइल बदलली की झालं.

खर्च फार नाय. भानगड दुसरीच आहे. आमच्यात निम्मे जण मर्चंटसाठी जॉबवर विणतात, सूत त्याचं, माल त्याचा. क्रमांक कोणाचा टाकायचा, माझा का त्याचा? माझा टाकला तर तो म्हणणार, उद्या गिऱ्हाईक थेट तुझ्याकडे यायचं.

वकिली_बाणा | ६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणजे उत्पादक. त्यात माल बनवणाराही येतो आणि त्याचा व्यापार करणाराही. दोघांनीही नोंद करावी, क्रमांक विणणाऱ्याचा टाकावा. मर्चंटचा ब्रँड हवा तर शिवलेल्या लेबलवर.

गणवेशवाला | ६ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मर्चंट ऐकणार नाही. पण जे स्वतःच्या सुताने विणतात ते तरी करू शकतात.

धोटा | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

माझे दहा माग स्वतःच्या सुतावर आहेत. वकीलसाहेब, तो दहा रुपयांचा फॉर्म कुठं मिळतो ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कार्ड पंच करणाऱ्याला आज संध्याकाळी गाठतो, बॉर्डरला किती घेतो तो दर इथंच टाकतो.

रंगावली | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

धोटादादा, सिंगल बेडची, वजनाला हलकी, मशीनमध्ये मावेल अशी विणणार असाल तर माझ्या चार नक्की. फिका निळा मिळेल का?